विळा टाकला त्या दुपारी

मे महिन्यात कुंभारी गावातल्या घरांचे पत्रे उन्हानं तडतडत होते. बघता बघता अक्कलकोटच्या अंगानं आभाळ काळंभोर झालं आणि गारांचा मारा सुरू झाला. म्हाळसाबाईंना 'आत्या' म्हणणारी त्यांची सून सोनाली टॉवेलच्या कारखान्यातून सायकलवर निघाली असणार. वाटेत सगळा उघडा माळ.

गारा थांबाव्यात म्हणून अंगणात विळा टाकायची रीत म्हाळसाबाईंना सासूनं शिकवली होती. टाकताना तोंड मिटलेलं हवं, अशी ताकीदही दिली होती.

त्यांनी विळा भिरकावला, तोच वीज कडाडली आणि तोंडून निसटलंच, "माज्या सोनालीला घरी आणा गं कुनीतरी!"

गारा काही थांबल्या नाहीत. थोड्या वेळानं सायकल अंगणात शिरली. एवढ्या पावसात सोनाली कोरडीठाक होती. म्हाळसाबाईंचा जीव भांड्यात पडला.

सोनाली खाली मान घालून धापा टाकत होती. तशीच हसत, मागं बसलेल्या कुणाशी बोलावं तसं म्हणाली, "उतरा की आत्या, घर आलं. लई जड हायसा तुमी. सारी वाट माज्यावर पदर धरला, पर एक शब्द बोलला न्हाय."

मग तिनं मान वर केली, आणि दारात उभ्या सासूकडं बघतच राहिली.

रिकाम्या कॅरिअरखालचं चाक अजून दबलेलंच होतं.