सुताराचा हात

सकाळपासून दोन अंत्यविधी आटोपून थकलेले चर्चचे पाळक सुताराच्या घरी पोहोचले. अर्धांगवायूनं खाटेला खिळलेल्या सुतारानं अन्न सोडलं होतं. "माझा सगळ्यांना नुसता भार," एवढंच तो पुटपुटायचा. "पाळकसाहेब, धीराचे दोन शब्द बोला," त्याची बायको काकुळतीनं म्हणाली. पाळकांनी खाटेशी गुडघे टेकले, पण प्रार्थनेसाठी तोंडातून शब्दच फुटेना. त्यांना हुंदकाच आला. "माफ करा दादा, माझ्यातच काही उरलं नाही."  मग सुतारानं धड असलेला हात कसाबसा उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला. "प्रभू येशू," तो बोबड्या जिभेनं म्हणाला, "हा तुझा माणूस दमलाय. माझ्यात जोर नाही, याला तुझा दे." "अगं," तो बायकोला म्हणाला, "साहेबांना वाढ. मीही दोन घास खातो." निघताना पाळकांना त्यानं बजावलं, "उद्याही या. तुम्हाला गरज आहे."