डुगडुगती खुर्ची

सेलमध्ये लोक नुसते तुटून पडले होते. एकट्यापुरतं टेबल घ्यायला गेलेल्या तरुणाला तेवढ्याच पैशांत चार खुर्च्यांचं जेवणाचं टेबल मिळालं.

त्यानंतर तिसऱ्यांदा त्याची तक्रार गेली, आणि दुकानाचा फिटर धापा टाकत जिना चढून आला.

"मागच्या खेपेला भिंतीकडची होती ना? आज ही डुगडुगायला लागली?"

"हो काका."

फिटरनं खुर्ची उलटी करून स्क्रू आवळले, मग सरळ करून स्वतः बसून पाहिलं. बाकीच्या तिन्ही खुर्च्यांचे स्क्रूही आवळून टाकले. तेवढ्यात तरुणानं चहा पुढं केला आणि समोर बसला. "या सेलपायी पाणी प्यायला फुरसत नाही बघा," म्हणत फिटरनं कप उचलला. गुडघ्याच्या दुखण्याचं बोलला, लेकीच्या परीक्षेचं बोलला.

उठताना त्यानं खुर्चीची पाठ थोपटली. "चारही पक्क्या केल्यात. आता दहा वर्षं माझं तोंड बघायची वेळ येणार नाही तुमच्यावर!"

तरुणाला हसू आलं नाही. जिन्यातली पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत तो दारातच उभा राहिला. मग आत येऊन त्यानं दोन्ही कप विसळले, खिडकीकडची खुर्ची हलकेच उलटी केली आणि ड्रॉवरमधला स्क्रूड्रायव्हर काढला.