अर्थिंग

मंडी मोहल्ल्यात नागोजीराव शिंप्यांच्या घराची भिंत तडकली होती. तडा वाढतोय का, हे पाहायला इंजिनिअर मृण्मयीने सेन्सर आणि डेटा लॉगर लावला. वाढत असेल तर घर सोडावं लागणार होतं. पण आकडे सारखे वरखाली नाचत होते.

"आजोबा, अर्थिंगची वायर प्लॅस्टिकच्या नळाला बांधलीय! जमिनीत पोचणार कशी? म्हणूनच आकडे नाचतायत."

"लोखंडी नळ होता तेव्हाची ती." नागोजीराव सुनेकडे वळून हसले. "बघ अमूल्या, दोष नळाचा! सुम्मने, उगाच घाबरलो आपण."

मृण्मयीने अंगणात खड्डा खणून नवं अर्थिंग केलं. नागोजीराव निर्धास्तपणे त्याच भिंतीला टेकून शिवायला बसले.



आकडे नाचायचे थांबले. आता ते रोज नुसते वाढत होते.