पन्नासच्या खाली नाही

जुनं ते सोनं, यावर आमच्या सोसायटीची अढळ श्रद्धा आहे. ती फक्त सभासदांच्या वयापुरती. सोसायटीचा तीस वर्षांचा अ‍ॅम्प्लिफायर घरघरायला लागला, तेव्हा चेअरमन डोंगरे लगेच म्हणाले, "भंगारात द्या, नवा घेऊ." टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या शेवडेबाईंनी तो उचलून घरी नेला. "रविवारच्या सभेत हाच बोलेल. मग काय ते ठरवा."

आतला पन्नास व्होल्टचा कपॅसिटर फुगला होता; घरघर त्याचीच. दुकानदाराने पस्तीसचा पुढे केला. "घ्या हो मावशी, मायक्रोफॅरड तेवढेच आहेत. व्होल्ट कोण बघतंय?"

"मी बघतेय. पस्तीस किलो पेलणाऱ्या झोपाळ्यावर तू बसशील का?"

दुकानदाराने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि त्रेसष्टचा काढला. "हा पेलेल. पण उंच आहे, झाकण बसायचं नाही."

"नाही बसलं तर नाही. कमी व्होल्टचा मी लावणार नाही."

रविवारी अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर आला. झाकणाच्या जागी पिठाची चाळणी उपडी बांधली होती.

"बाई, सभेत पेटला म्हणजे?" डोंगरेंनी माईक लांब धरत विचारलं.

"तुमच्या भाषणाने आजवर कोणी पेटलेलं नाही. बोला."

घरघर साफ गेली होती. नव्या अ‍ॅम्प्लिफायरची गरज सांगणारं डोंगरेंचं भाषण पहिल्यांदाच शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

नवा घेण्याचा ठराव एकतीस विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला.