सरांची सही

जपानी राकू पद्धतीची भांडी शिकायला मी सर आणि बाईंकडे गेले, तेव्हा सरांचे हात थरथरायला लागले होते, नजरही अधू झाली होती. भट्टीतून लालभडक वाडगा चिमट्याने काढून भुशात ठेवेपर्यंत तो हमखास तडकायचा. भांडी निवली की बाई सरांचे वाडगे गुपचूप बाजूला सारायच्या आणि माझे त्यांच्यापुढे ठेवायच्या. सर खुशीत तळाला सही करायचे.

"त्यांना कळलं तर मातीला पुन्हा हात लावणार नाहीत गं," बाई म्हणाल्या.

तीन वर्षं मी तोंड उघडलं नाही.

मग माझं पहिलं प्रदर्शन भरलं. सर बाईंचा हात धरून आले. माझा एक वाडगा उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेला, काठावरून बोट फिरवलं आणि चारचौघांत कडाडले, "एवढं जीव तोडून शिकवलं, आणि हिने माझीच नक्कल मांडलीय! स्वतःचं काही सुचत नाही का गं तुला?"

मी बाईंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून उभ्या होत्या.

"चुकलं, सर," मी म्हणाले. "यापुढे असे वाडगे नाही करणार."

तेव्हा कुठे बाईंनी घाबरून माझ्याकडे पाहिलं.