नरखेडचा द्वारपाल

दुपारी कामाचा जोर ओसरला, की आम्ही रेल्वेचे तारबाबू आपापल्या स्टेशनात बसून तारेवर एक राज्य खेळायचो. नागपूरला मी राजा. काटोलचा धोंडबा चेटकीण. नरखेडचे गणपतराव द्वारपाल. त्यांना परवलीचा शब्द दिल्याशिवाय खेळात कोणाला पाऊल टाकता येत नसे. इतकी वर्षं खेळलो, पण कंटाळा म्हणून आला नाही.

यंत्रावर ठोके देण्याचा प्रत्येक तारबाबूचा हात वेगळा असतो. गणपतरावांचा शेवटचा ठोका किंचित रेंगाळायचा.

चौऱ्याहत्तर साली ते निवृत्त झाले. नरखेडचं यंत्रही काढलं आणि आमच्याच कपाटात आणून ठेवलं. तरी गणपतराव पिशवीभर संत्री घेऊन अधूनमधून नागपूरच्या तारघरात यायचे, नुसता खेळ ऐकायला.

त्या दुपारी ते माझ्या शेजारी बसले होते. एका हातात कप, दुसऱ्या हातात बशी. टेबलावरचं यंत्र वाजू लागलं.

‘परवलीचा शब्द?’

शेवटचा ठोका रेंगाळला.

मी गणपतरावांकडे पाहिलं. त्यांनी बशीतल्या चहावर हळूच फुंकर घातली आणि मायेनं हसले.

“देऊन टाक गा,” ते म्हणाले. “रिटायर मी झालो. द्वारपालानं काहून व्हावं?”