उशिराची पंगत

"अहो काका, घ्या ना एक खजूर! तुम्ही थोडेच खाताय? खाणार तो बाहुला!" मोबाईलमधून सत्ताम ओरडला.

"बाहुला कोणाचा? माझाच ना? मग माझा रोजा, तोच त्याचा रोजा," अल्लालकाका म्हणाले.

"ऐकलंस, नूफ? बाहुल्याचाही रोजा!" आणि दोघं खो खो हसत सुटली.

ती दोघं रियाधमध्ये, तिथे सूर्य मावळलेला. काका मोरोक्कोत, साफीला. साफीत दुपारचे तीन, गच्चीवर उन्हाचा नुसता भडका. एकमेकांची तोंडं कधी पाहिलेली नाहीत, पण मोबाईलवरच्या खेळात तिघांची मासेमारीची नाव एकच. रमजान लागल्यापासून कंपनीने खेळातल्या धक्क्यावर रोज इफ्तारची पंगत मांडली होती. पंगतीत जेवलं की नावेला एक कंदील मिळायचा. पण कंपनीचं घड्याळ रियाधचं. तासाभरात पंगत उठायची, आणि काकांच्या गावच्या अजानला तेव्हा चांगले अडीच तास उरलेले असायचे. वीस दिवस त्यांचा बाहुला भरल्या ताटापुढे हात बांधून बसला होता.

"तुमच्यापायी आपली अर्धी नाव अंधारात आहे, काका," सत्ताम म्हणाला.

कंदिलाचं काकांना काही नव्हतं. भरल्या पंगतीत उपाशी बसायचं आणि आपली वेळ झाली की भिंतीकडे बघत जेवायचं, हे त्यांना खात होतं. घरात वाद घालायलासुद्धा दुसरं माणूस नव्हतं. म्हणून आठवड्यापूर्वी त्यांनी कंपनीचा अभिप्रायाचा फॉर्म भरला. 'खेळातली मंडळी कशी वाटतात?' याला पाच तारे. 'पंगत कशी वाटते?' याला एक तारा. आणि खाली एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'साफीत सूर्य उशिरा मावळतो. आमच्या अजानच्या वेळीही पंगतीला कोणीतरी असावं.'

"काका, कंपनीचं उत्तर आलं का हो?" नूफने विचारलं.

"आलं तर! आजपासून ज्याच्या त्याच्या गावच्या अजानला पंगत बसणार. कोणालाही एकटं जेवावं लागणार नाही, असं स्पष्ट लिहिलंय." काकांचा आवाज जरा चढलाच. "मग, येताय ना दोघं? माझ्या वेळेला?"

पलीकडे ताटवाट्या वाजल्या.

"तेव्हा इथे दहा वाजायला आलेले असतात, काका," सत्ताम म्हणाला. "घरी पाहुणे असतात हो."

"मी बघते हं," नूफ म्हणाली. तेवढ्यात मागून कोणीतरी तिला हाक मारली, समोसे गार होतायत म्हणून. ती गेली. मागोमाग सत्तामही गेला.

संध्याकाळी काकांनी हरीऱ्याचं सूप शिजवलं. पातेलं मोठंच. डाळ आणि टोमॅटो कमी घ्यायला त्यांचा हात अजून वळत नव्हता. अंडी उकडली, खजूर मांडले, कोपऱ्यावरून आणलेल्या मधात घोळलेल्या शेबाकिया बशीत काढल्या. धुतलेला झगा अंगात घातला. घरात कोण बघणार होतं? पण पंगतीला बसायचं म्हणजे नीटनेटकं हवं. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला.

बंदरावरचा भोंगा वाजला. अजान सुरू झाली. खेळातली पंगत उघडली आणि काका चाटच पडले. सात जण! सातही जागा भरलेल्या, आणि एकानेही ताटाला हात लावलेला नाही. ही माणसं आपल्यासाठी थांबली? काकांनी झगा सारखा केला.

"अस्सलामु अलैकुम! या, या! कुठकुठून आलात हो? अगादीर? नुआक्शोत?"

"वालैकुम सलाम, अल्लाल. आपला रोजा कबूल होवो," पहिला म्हणाला.

"वालैकुम सलाम, अल्लाल. आपला रोजा कबूल होवो," दुसरा म्हणाला. तिसराही तेच म्हणाला, त्याच आवाजात, तेवढाच थांबून. सातव्यापर्यंत येता येता काकांना कळायचं ते कळलं. हे कंपनीचे बाहुले होते. त्यांच्यामागे कुठल्याच गावात कोणी बसलेलं नव्हतं.

"हात्तिच्या!" काका पुटपुटले. मोबाईल पालथा घालायला त्यांनी हात पुढे केला.

पण सातही जण त्यांच्याकडेच बघत होते. काकांनी घास घेतल्याशिवाय कोणी हलत नव्हतं. पंगतीला बसलेल्या पाहुण्यांना ताटकळत ठेवायचं? ते काही काकांना जमेना.

"बिस्मिल्लाह," ते म्हणाले. बाहुल्याच्या तोंडात एक खजूर घातला, एक स्वतःच्या.

सातही जणांनी एकदम घास घेतला. अर्ध्या मिनिटात ताटं लख्ख! नावेवर कंदील लागला. पाहुणे उठले, छातीला हात लावून वाकले आणि एकेक करून दिसेनासे झाले. काकांच्या हरीऱ्याची वाफही अजून निवली नव्हती. चमचा वाडग्यातच होता.

पडद्यावर फॉर्म आला, 'आजची पंगत कशी वाटली?'

काकांनी हरीऱ्याचा एक चमचा घेतला. मग त्यांनी पाच तारे दिले. 'काही सुचवायचं आहे का?' याच्याखाली जागा होती. तिथे एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, 'पाहुण्यांना म्हणावं, जरा सावकाश जेवा.'